चावी नसलेली गाडी

आमच्या घरात ‘डिस्पोजल’ हा शब्द माझ्यासाठी राखून ठेवलेला आहे. लग्नाच्या बाजारात मी जरा उशिरा, म्हणजे कपाळ वर सरकायला लागल्यावर उतरलो. तेव्हा आमच्या मावशीने मुलीकडच्यांना सांगून टाकलं, "मुलगा डिस्पोजलचा आहे." तिला म्हणायचं होतं की मुलगा डिस्पोजलच्या गाड्या विकण्याच्या धंद्यात आहे. मुलीच्या वडिलांनी घ्यायचा तो अर्थ घेतला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "चालू स्थितीत आहेत ना?" तीच मुलगी आज स्वयंपाकघरातून ओरडते आहे, "लिहिताय ते लिहा, पण माझ्या वडिलांना मध्ये आणू नका." आणून झालं. आता पुढे.

तरुण मंडळींना हा धंदाच ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. दुसरं महायुद्ध संपलं, गोरे सैनिक बोटीत बसून निघून गेले, आणि त्यांचं सामान इथेच राहिलं. जीप, ट्रक, तंबू, बूट, दुर्बिणी, भाजी शिजवायची हंड्याएवढी पातेली. हे सगळं सरकारने लिलावात काढलं. याला म्हणायचं डिस्पोजल. लिलावात वस्तू सुटी मिळत नसे, ढीगच्या ढीग घ्यावा लागे. म्हणजे दोन जीप हव्या असतील तर त्यांच्यासोबत डासांच्या जाळ्या आणि एका पायाचे बूटही पदरात घ्यायचे. आमचे मालक अप्पा असे ढीग उचलायचे आणि अंधेरी पूर्वेला, कुर्ल्याच्या रस्त्यालगत, पत्र्याच्या कुंपणात आणून टाकायचे. ते कुंपण म्हणजे आमचं यार्ड. मी तिथे विक्रेता होतो. हिशेब तपासायला दुसरा माणूस होता, गाड्या दुरुस्त करायला तिसरा. मला फक्त बोलायचं काम होतं. तेव्हापासून ते सुटलेलं नाही, असं घरचे म्हणतात.

गिऱ्हाईक ओळखायचं कसं, हे मला अप्पांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. "वसंता, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघू नकोस. त्याचा हात पहिल्यांदा कुठे जातो ते बघ." आणि खरंच. चाकाला लाथ मारतो तो नुसता बघायला आलेला. बॉनेट उघडून परक्या भाषेतलं वर्तमानपत्र वाचल्यासारखा आत बघत राहतो, त्याला मेहुण्याने पाठवलेला. सीट दाबून बघतो तो बायकोला विचारून उद्या येणार. आणि गाडीवरची धूळ जो आपल्याच रुमालाने पुसतो, त्याला गाडी विकावी लागत नाही, त्याने ती मनात घेतलेलीच असते. गोरेगावचा एक तबेलेवाला होता, त्याने जीपला वासरासारखं थोपटलं. मी लगेच हार मागवून ठेवला.

हार कशाला? तर अप्पांची रीत होती. गाडी विकली की तिला हार घालायचा, विड्याच्या पानावर सुपारी ठेवायची, त्यावर गाडीची चावी, चावीला हळदकुंकू, चाकाखाली नारळ. मग दोन्ही हातांनी ते पान गिऱ्हाइकापुढे धरून अप्पा म्हणत, "सांभाळा हो." म्हणताना दर वेळी त्यांचा आवाज बसायचा. तीन टनी ट्रक देतानाही बसायचा.

तर एका ढिगात आमच्याकडे ती आली. दिसायला जीप, पण अंगावर होडी चढवलेली. पुढे नाळेसारखं, म्हणजे होडीच्या टोकासारखं, निमुळतं नाक, बॉनेटवर अमेरिकन फौजेची पांढरी पाच टोकांची चांदणी, मागे चाकांच्या मध्ये लपलेला पंखा आणि त्यामागे सुकाणू. जमिनीवर मोटार, पाण्यात होडी, दोन्हींना एकच स्टिअरिंग, तेही डाव्या हाताला. आणि तिला चावीच नव्हती. लढाईत चावी शोधत बसायला वेळ कुणाला, म्हणून लष्करी गाडीला नुसता खटका, फिरवला की चालू. गिऱ्हाईक चावी मागायचं आणि मी खटका दाखवायचो. "म्हणजे कुणीही नेणार?" असं मग ते विचारायचं. तसं तिला कुणी नेतही नव्हतं. पावसाळे गेले. बाजूच्या जीप विकल्या जायच्या, ही तिथेच. आमच्या मिस्त्रीने तिचं नाव ‘थोरली’ ठेवलं होतं, कारण घरात थोरलीचं लग्न राहिलेलं आणि धाकट्यांची होऊन गेलेली. हे नाव मला जरा लागायचं. माझंही अजून जमलेलं नव्हतं तेव्हा.

माझं जमलं, ती मात्र राहिली. आणि मग चांगुणा आली.

चांगुणा म्हणजे आमच्या घरी मासे देणारी मढची कोळीण. आवाज असा की पापलेट आणलंय हे शेजारच्या आळीला आधी कळायचं. माझ्याशी ती तिसऱ्या दिवसापासून एकेरीवर होती. त्या दिवशी टोपली घेऊन ती थेट यार्डात शिरली.

"ए गारीवाल्या! मना एक गारी दे."

"मासे कोण देणार मग?"

"मासंच न्यायला पायजे गारी. मढावरून मालाडच्या ठेसनावर. समद्या बायकांच्या टोपल्या. चालवंल माजा घोव."

आणि नवरा दाखवायला ती मागे वळली. कुंपणाच्या दाराशी एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस उभा होता, आत यावं की नाही अशा विचारात. हिराजी. त्याची हकीकत मला आमच्या ओट्यावर, मासे कापले जाताना, तुकड्यातुकड्यांनी कळलेली होती. त्याची होडी मढच्या खडकांपाशी वादळात उलटली होती. सुकाणूवर तो होता. तो पोहून आला, धाकटा भाऊ काशी आला नाही. काशीची बायको माहेरी मनोरीला निघून गेली. मनोरी म्हणजे काय, मारव्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर दिसते, मध्ये एवढीशी खाडी. पण ती खाडी ओलांडून हिराजी एकदाही तिच्यापुढे जाऊ शकला नव्हता. पाण्यालाच पाय लावत नव्हता. कोळ्याचा माणूस, घरात बसून उंबऱ्याकडे बघायचा.

"माजा मानूस सुकत चाललाय वैनी," चांगुणा माझ्या बायकोला म्हणाली होती. "बोंबलासारका." आणि दोघी आधी हसल्या आणि मग हसता हसता थांबल्या.

मी आपला विक्रेत्याच्या आदबीने पुढे झालो. "या नाखवा, या." होडीच्या धन्याला कोळ्यांत नाखवा म्हणतात, मानाचा शब्द. मला वाटलं, खूश होईल.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "होरी नाय त्याला नाखवा कोन म्हनतो? नका म्हनू."

मी ओशाळलो. चांगुणाने लगेच मला एका साध्यासुध्या, टप उडालेल्या जीपकडे ओढलं. चारी चाकं जमिनीवर, पाण्याशी संबंध नाही, अशी गाडी तिला हवी होती. मी त्या जीपचे गुण सांगत होतो आणि अप्पांच्या शिकवणीप्रमाणे डोळ्याच्या कोपऱ्यातून हिराजीचा हात शोधत होतो. तो त्या जीपवर नव्हताच. तो कोपऱ्यात थोरलीपाशी गेला होता. तिच्या नाकापासून मागे सुकाणूपर्यंत त्याने तळहात एकदा सरळ फिरवला, अंगाला टेकवून. मग वाकला, पार आडवा झाला आणि हात खाली, तळाशी घातला. खूप वेळ चाचपडत होता.

"हिचं बूच कुटं हाय?" त्याने विचारलं.

मी गोंधळलो. उन्हाचे दिवस, त्याला सोडा हवा असेल असं वाटून म्हटलं, "बाटली मागवू का?"

पलीकडून अप्पा ओरडले, "अरे गाढवा, तळाचं बूच! माझ्या टेबलावर आहे ते." तळात साचलेलं पाणी सोडायला या गाडीला एक भोक असतं आणि पाण्यात घालण्याआधी त्यात फिरकीचं पितळी बूच बसवावं लागतं, ही गोष्ट इतकी वर्षं तिचं वर्णन करणाऱ्या मला ठाऊक नव्हती. ते बूच पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून अप्पांनी वजन म्हणून ठेवलं होतं. मी रोज त्याला हात लावत होतो.

हिराजी उठला, हात झटकले आणि पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला. "पान्यातली वस्तू हाय. मना नको."

पण चांगुणाने त्याचा हात पाहिला होता. तिला अप्पांनी काही शिकवायची गरज नव्हती. माझ्याजवळ येऊन, तिच्या मानाने अगदी हळू, म्हणजे रस्त्यापलीकडे ऐकू जाणार नाही इतक्या हळू, ती म्हणाली, "हीच गारी मना पान्यात चालवून दाव. मारव्याला. मी त्याला घेऊन येते."

"मला पोहता येत नाही गं चांगुणा."

"होरीला येतंय ना? बास."

ठरल्या दिवशी मी थोरली घेऊन मारव्याच्या खाडीवर गेलो. बूच मिस्त्रीने बसवलं होतं, तीन वेळा तपासलं होतं, आणि निघताना माझ्याकडे असं बघितलं होतं की मी चौथ्यांदा तपासायला लावलं. धक्क्यावर चांगुणा उभी, मागे माडाला टेकून हिराजी, पाण्याकडे पाठ करून. मी खटका फिरवला, पंख्याचा दांडा ओढला आणि उतारावरून थोरलीला पाण्यात घातलं. ती तरंगली! इतकी वर्षं ज्या गुणाची मी तोंड फाटेस्तोवर तारीफ केली, तो खरा निघाला याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटलं. मी हात उंचावून धक्क्याकडे बघून हसलोही.

तेवढ्यात ओहोटी लागली. म्हणजे तिची ती लागतच होती, मला आत्ता कळली. मनोरीकडे नाक करावं तर गाडी आडवी होऊन दर्याकडे निघाली. मी स्टिअरिंग गच्च धरलं, जसं कुर्ल्याच्या रस्त्यावर धरतो तसं. पाण्याला त्याचं काही नव्हतं. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. चांगुणा म्हणते, आईला हाक मारली. बायको म्हणते, आईलाच मारली असणार.

मग धक्क्यावरून आवाज आला, खणखणीत, वाऱ्यावर चढलेला. "पान्याशी भांडू नको! ओहोटीच्या अंगानं जा! नाक वर धर!" हिराजी वळला होता. मी त्याच्या सांगण्यातलं एक अक्षरही पाळू शकलो नाही. तेव्हा तो पाण्यात उतरला. विचार करून उतरला की नाही, मला माहीत नाही. मी पाहिलं तेव्हा तो गुडघाभर पाण्यात होता, मग नव्हता, मग चार हात मारून थोरलीच्या कडेला आला होता. आत चढला, मला मानेला धरून उजवीकडच्या सीटवर ढकललं आणि स्टिअरिंगवर बसला.

आणि त्याने ते उलटं फिरवलं.

इथे जरा समजावून सांगायला हवं. होडीच्या सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. जन्मभर हिराजीच्या हाताला हीच सवय. स्टिअरिंगचं तसं नसतं, जिकडे फिरवाल तिकडे गाडी. हिराजीला डावीकडे धक्क्यावर जायचं होतं, म्हणून त्याने मोठ्या आत्मविश्वासाने उजवीकडे पिळलं, आणि थोरली सुसाट निघाली ती खाडीत जाळी बांधायला रोवलेल्या खुंटांवर. त्याने आणखी पिळलं. ती आणखी निघाली. खुंटावर एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. आम्ही ठण्णकन आपटलो, तो तसाच पंख उघडे ठेवून आमच्याकडे बघत राहिला.

"उलटी हाय का रं ही?" हिराजी ओरडला.

"नाही नाखवा," माझ्या तोंडून घाबरून निघून गेलं, "ती सुलटी आहे. तुम्ही उलटे!"

तो माझ्याकडे बघत राहिला. नाखवा हा शब्द तोंडातून गेला होता, परत घेता येत नव्हता. आणि मग तो हसायला लागला. वाकून, स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसायला लागला. मीही हसलो, दात वाजत होते तरी. हसता हसता त्याचं हसणं कुठेतरी दुसरीकडे वळलं, खांदे हलत राहिले पण आवाज बदलला. मी पाणकावळ्याकडे बघत बसलो. थोड्या वेळाने त्याने तोंड पुसलं, स्टिअरिंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हळू फिरवून पाहिलं, आणि ओहोटीच्या अंगाने तिरकं तिरकं घेत थोरलीला उतारावर आणून उभं केलं.

चांगुणा लुगडं भिजवून गुडघाभर पाण्यात उभी होती. आधी तिने नवऱ्याला शिव्या घातल्या, मग मला, मग अमेरिकेला. मग मटकन खाली बसली. पाण्यातच.

गाडी त्यांनी घेतली. यार्डात मंडळी म्हणाली, वसंताने कोळणीला बूच लावलं. मुंबईत बूच लावणं म्हणजे फसवणं, तो अर्थ. पण खरं बूच पुढे आलं. गाडी द्यायच्या दिवशी अप्पांनी विड्याचं पान घेतलं, सुपारी ठेवली, आणि थांबले. चावी कुठे? थोरलीला चावीच नाही. रिकामं पान पुढे करणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पुन्हा टेबलावर जाऊन बसलेलं बूच उचललं. पंख्याखालचे सगळे कागद ऑफिसभर उडाले. कुणी गोळा केले नाहीत. अप्पांनी बुचाला हळदकुंकू लावलं, पानावर ठेवलं आणि म्हणाले, "सांभाळा हो." आवाज बसलाच.

हिराजीचा हात पुढे यायच्या आत चांगुणाचा आला. तिने बूच उचललं आणि कमरेच्या पिशवीत घालून नाडी आवळली.

"जमिनीवर तू नेशील तिकडं ने," ती नवऱ्याला म्हणाली. "पान्यात जायचं तर हे माज्याकडं मागायचं. मी देईन तवाच."

त्याने मान डोलावली.

त्याला रस्त्यावरची गाडी मी शिकवली. मिठाच्या एका ढिगात आम्ही एकदा शिरलो, तेवढं सोडलं तर हात लवकर बसला. मढच्या बायका टोपल्यांसकट थोरलीत बसून मालाडला जाऊ लागल्या. हिराजीच्या गालावर मांस आलं. तो रस्त्यात लोकांशी बोलायला लागला. फक्त एक होतं. इंजिन तापलं या सबबीवर तो रोज मारव्याला थांबायचा आणि समोर मनोरीकडे बघत राहायचा. मग निघायचा. बूच मागायचा नाही.

चांगुणा आमच्या ओट्यावर येऊन रोज तीच बातमी सांगायची. सुरुवातीला सुटकेच्या आवाजात. "नाय मागितलं गं वैनी." मग नुसतीच. पुढे पुढे तर ती मासे कापता कापता हात थांबवून म्हणायची, "मागतच नाय गं." आधी तो मागेल याची तिला धास्ती होती, आता मागत नाही याची. माझ्या बायकोने एकदा सुचवलं, "मग तूच दे ना." चांगुणा सुरी दाखवून म्हणाली, "आनि नाय आला परत तर?"

नारळी पौर्णिमेला तिने आम्हाला मारव्याला बोलावलं. कोळी त्या दिवशी दर्याला नारळ वाहतात आणि होड्या पुन्हा पाण्यात घालतात. सगळा धक्का रंगीत होता. थोरली उतारावर उभी, हार घातलेली, धुऊन पुसून. तिच्या नाळेवर, चांदणीच्या खाली, हिराजीने होडीवर घालतात तसं नाव घालून घेतलं होतं. ‘काशी’. बाकीच्या होड्या एकेक करून निघाल्या. हिराजी चाकाला टेकून त्यांच्याकडे बघत होता, हातात न फोडलेला नारळ.

चांगुणा माझ्या बायकोशी बोलत होती, कुणाच्या तरी सुनेबद्दल, मोठमोठ्याने. मध्येच ती बोलायची थांबली. कमरेची पिशवी काढली. नाडीची गाठ तिला लवकर सुटेना, माझ्या बायकोने सोडवून दिली. ती सरळ नवऱ्याजवळ गेली, त्याच्या हातातला नारळ काढून घेतला आणि त्या जागी बूच ठेवलं.

"जा नाखवा," ती म्हणाली. "माज्या जावेला घेऊन ये. सनाला ती एकली नको."

तो तिच्याकडे बघत राहिला, मग बुचाकडे. मग मारव्याचं चिखलपाणी न बघता नव्या कपड्यांनिशी आडवा झाला आणि हात गाडीच्या तळाशी घातला. पितळ पितळात फिरल्याचा आवाज आला. मला वर येऊन बसायला त्याने खुणावलं. मी माझ्या बायकोकडे पाहिलं, तिने माझा सदरा मागून घट्ट धरलेला होता. मी नकाराची मान हलवली. तो हसला आणि एकटाच निघाला.

भरतीचं पाणी होतं. थोरली खाडीत लहान लहान होत गेली आणि मनोरीच्या माडांत दिसेनाशी झाली. चांगुणाला इतका वेळ गप्प मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. लोक नाचत होते, ती उभी होती, नारळ पोटाशी धरून.

मग कुणीतरी म्हणालं, आली. आधी चांदणी दिसली. स्टिअरिंगवर एक डोकं, आणि शेजारच्या सीटवर पदर घेतलेलं दुसरं.

थोरली उतारावर चढली, अंगावरून पाणी निथळत. जावा एकमेकींच्या गळ्यात पडल्या, त्यात नारळ मध्ये आला आणि दोघींना लागला. हिराजी उतरला, पुन्हा आडवा झाला, बूच काढून तळातलं पाणी सोडलं. मग ओलं बूच सदऱ्याला पुसून त्याने ठरल्याप्रमाणे बायकोपुढे धरलं.

चांगुणाने पिशवी पुढे केली नाही.

"ऱ्हाऊ दे तुज्याजवल," ती म्हणाली आणि तोंड फिरवून माझ्यावर ओरडली, "बगतो काय गारीवाल्या? नारल फोड!"